समुद्र सतरा किलोमीटरवर असेल, तर सतरा लिहा

वाचकाचं पत्र

दापोलीहून खेडकडे जाणाऱ्या रस्त्याला, दापोलीपासून पाचेक किलोमीटरवर आमचं जुनं कौलारू घर आहे. हे गेल्यापासून घरात मी आणि सूनबाई. मुलगा मुंबईत नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या माझ्या भाच्यानं सुचवलं, "मावशी, वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात, पर्यटकांना दे." त्यानंच फोटो काढले, त्यानंच ती माहिती साइटवर चढवली. मला त्यातलं फारसं कळत नाही. पाहुणे येऊ लागले. जेवण आम्ही दोघी करतो, लोक खूश होऊन जातात.

मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आलं. नवराबायको, दोन मुलं आणि मुलांची आजी. गाडीतून उतरल्या उतरल्या आजींनी विचारलं, "समुद्र कुठल्या बाजूला?" समुद्र इथून सतरा किलोमीटर आहे हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा मला समजलं, की भाच्यानं 'कर्दे बीचजवळ निवांत घर' असं नाव दिलं होतं, आणि नकाशावरची खूण थेट कर्द्याच्या किनाऱ्यालगत ठेवली होती. आजींना गुडघ्यांचा त्रास, गाडीत फार वेळ बसवत नाही. किनाऱ्यावर चालत जाता येईल म्हणूनच त्यांना आणलं होतं. ते लोक रागावले, पण भांडले नाहीत. तीन दिवस राहिले. जाताना मुलानं अर्धे पैसे परत मागितले, भाचा फोनवर नाही म्हणाला. नंतर त्यांनी लिहिलं, "जेवण उत्तम, माणसं चांगली, पण घर सांगितलं तिथे नाही."

भाचा म्हणतो, "सगळे असंच करतात मावशी. खरं लिहिलंस तर कोण येणार? कोकणात लोक समुद्रासाठीच येतात." दिवाळीच्या सुट्टीतलं चार कुटुंबांचं बुकिंग आधीच झालेलं आहे. दुसरी भीती अशी, की अचूक खूण टाकली तर घरात दोघी बायकाच असतात हे कुणालाही कळेल. मी काय करू?

— एक मावशी, दापोली तालुका

उत्तर

ताई,

ती खूण आजच हलवा. भाच्याला सवड होईल तेव्हा नको, दिवाळी झाल्यावर तर नकोच. बाकीचं सगळं त्यानंतर बोलू, कारण ती तिथे आहे तोवर रोज कुणीतरी तिच्या भरवशावर रजा टाकतंय, पैसे भरतंय.

सतरा किलोमीटर म्हणजे काय, ते आधी बघू. घाटमाथ्यावरच्या सरळ रस्त्याला सतरा किलोमीटर वीस मिनिटांत होतात. तुमच्याकडे आधी दापोलीचा बाजार ओलांडायचा, मग पठारावरून वळणांच्या रस्त्यानं किनाऱ्याकडे खाली उतरायचं. सुट्टीच्या दिवसांत त्याच रस्त्यावर सगळ्या गाड्या. पस्तीस-चाळीस मिनिटं सहज जातात. समुद्रावर आलेला माणूस सकाळी एकदा जातो, संध्याकाळी सूर्यास्ताला पुन्हा जातो. म्हणजे दिवसाला चार वेळा हा रस्ता, अडीच तास गाडीत. ज्या बाईंचे गुडघे गाडीत आखडतात त्यांना हे झेपत नाही, आणि हे त्यांच्या मुलाला आधी कळलं असतं तर त्यानं आईला तुमच्याकडे आणलंच नसतं, किंवा आणलं असतं तर वेगळ्या तयारीनं. आईला सोबत न्यायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं होतं. ते तुमच्या भाच्यानं पुण्यात बसून त्याच्या वतीनं ठरवून टाकलं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच लागलं. खोली लहान निघाली, पंखा आवाज करतो, पाणी जरा उशिरा तापतं, अशा गोष्टी पाहुणा सोसतो किंवा तुम्ही दुरुस्त करता. घर मात्र कुणालाच उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून माहितीत दुसरं काही चुकलं तरी चालेल, ठिकाण चुकून चालत नाही.

"सगळे असंच करतात." खरं आहे, किनारपट्टीवर हे बरंच चालतं. काशीद मुरुड तालुक्यात आहे, अलिबागपासून तीसेक किलोमीटर, तरी तिथल्या घरांच्या नावांत अलिबाग झळकतं. मुरुडच्या नावानं तर आणखी घोळ होतात. एक मुरुड रायगडात जंजिऱ्याजवळ, दुसरं तुमच्या दापोली तालुक्यात कर्द्याला लागून, महर्षी कर्व्यांचं. दोन्हींमध्ये तीन-चार तासांचा रस्ता आहे. जंजिरा पाहायचा म्हणून चुकीच्या मुरुडात खोली घेणारी माणसं असतात, आणि जाहिरात लिहिणाऱ्यानं नुसतं 'मुरुड बीच' लिहून जिल्हा गाळला की ती चूक आणखी सोपी होते.

पण यातलं काय खपण्यासारखं आणि काय नाही, हे नीट वेगळं करायला हवं. तुमच्या घराच्या नावात 'दापोली' असणं अजिबात गैर नाही. तालुका दापोली, टपाल दापोली, बाजार दापोली. मुंबईतला माणूस शोधताना तुमच्या वाडीचं नाव टाकणार नाही, दापोलीच टाकणार. मोठ्या गावाचं नाव घेऊन लोकांना सापडणं हा प्रामाणिक मार्ग आहे, फक्त पहिल्या दोन ओळींत खरं अंतर आलं पाहिजे. 'कर्दे बीचजवळ' आणि कर्द्यावरची खूण यांना मात्र मी कुठल्याच हिशेबानं खरं म्हणू शकत नाही.

अंतराच्या बाबतीत नकाशाही फसवतो, आणि कोकणात जास्तच. इथे मध्ये खाड्या आहेत. हरिहरेश्वर आणि वेळास नकाशावर समोरासमोर दिसतात. मध्ये सावित्रीची खाडी. बागमांडल्याहून वेशवीला फेरीबोटीनं गाडी पलीकडे नेता येते, पण बोट चुकली की आंबेत-म्हाप्रळच्या बाजूनं भला मोठा वळसा. साइटवर दाखवलेलं 'इतके किलोमीटर' हे पुष्कळदा पक्षी उडतो तसं सरळ रेषेतलं असतं. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला लोक येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथे गावकऱ्यांबरोबर हे काम उभं केलं आणि त्यातूनच गावात घरोघरी पाहुणे ठेवायची पद्धत रुजली. पिल्लं सोडायची वेळ सकाळची आणि संध्याकाळची. 'वेळासजवळ' म्हणून खाडीच्या अलीकडे खोली घेतलेला माणूस मुलांना पहाटे उठवून धक्क्यावर बोटीची वाट बघत उभा राहिला, तर पलीकडे पोचेपर्यंत पिल्लं पाण्यात गेलेली असतात. पैसे परत मिळतीलही. त्या मुलांची ती सकाळ कोण परत देणार?

आणखी एका बाजूबद्दल तुम्ही पत्रात काही लिहिलं नाही, पण मला ते बोलायचंच आहे. कर्दे, मुरुड, हर्णै, आंजर्ले इथे खरोखर किनाऱ्यावर घरं असलेली माणसं तुमचीच शेजारी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. पोफळीची नवी बाग धरायला वर्षं लागतात. त्या काळात अनेक घरांना पाहुण्यांच्या खोल्यांनीच तारलं. समुद्र जवळ असण्याची किंमत त्यांनी मोजली आहे. खारा वारा त्यांच्या खिडक्यांच्या सळ्या खातो, दर एक-दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो. त्या जवळपणाचा भाव सतरा किलोमीटर आत बसून आपण घेतला, तर तो त्यांच्या ताटातला घास आहे. तुमच्या भाच्याला हे बहुधा सुचलंही नसेल. पुण्यातून बघताना कोकण म्हणजे एकच मोठा किनारा वाटतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा दोन्ही येतात. या कायद्यानं पाहुण्याला तो राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे पुण्याचा पाहुणा पुण्यात तक्रार करेल आणि तुम्हाला दापोलीहून पुण्याला जावं लागेल. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला तक्रारीचं शुल्कही नाही. घर तुमचं, पाहुणचार तुमचा. "भाच्यानं लिहिलं होतं" या उत्तरानं सुटका होईल असं धरून चालू नका. एअरबीएनबी या साइटवर तर घर सांगितल्याप्रमाणे नसलं तर पाहुण्यानं ते लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवायचं असतं, मग परतावा किंवा दुसरी जागा मिळू शकते. तुमच्याकडे आलेल्या त्या कुटुंबानं तसं केलं नाही. ते तुमच्या हातचं जेवून, गप्पा मारून गेले. त्यांच्या त्या भलेपणाची जाण ठेवा.

आता तुमची भीती, घरात दोघीच असण्याची. ही रास्त आहे आणि तिच्यावर सोपा उपाय आहे. ठिकाण खरं सांगणं म्हणजे घराचं दार जगाला दाखवणं असं मुळीच नाही. अशा बऱ्याच साइटवर बुकिंग होईपर्यंत नेमकी जागा न दाखवता फक्त अंदाजे परिसराचं वर्तुळ दाखवायची सोय असते. बुकिंग पक्कं झालं की मगच पाहुण्याला पूर्ण पत्ता जातो. ती सोय निवडा. वर्तुळ तुमच्या वाडीभोवती पडलं की झालं, कर्द्याभोवती पडता कामा नये. घराच्या नावाची पाटी किंवा फाटकाजवळची ओळखीची खूण दिसणारे फोटो काढून टाका. 'घरात फक्त महिला' असं कुठेही लिहू नका, 'कुटुंब शेजारीच राहतं' एवढं पुरतं. बुकिंग झालेल्याला मग व्हॉट्सॲपवर गुगल नकाशाचा प्लस कोड, म्हणजे नेमकी जागा दाखवणारा छोटा संकेतांक, पाठवा, कारण आपल्या वाड्यांना घर क्रमांकाचा पत्ता असून नसल्यासारखा, आणि फाट्यावर कुणाला विचारायचं तेही लिहा. निवास व न्याहारी योजनेत घराची नोंदणी केली असेल किंवा पुढे केलीत, तर तिथला पत्ता आणि इथला पत्ता एकच हवा.

आणि खरं लिहिलं तर कोण येणार? हा प्रश्न मी झटकणार नाही. पहिल्या हंगामात बुकिंग कमी होईल. नाताळात, जोडून सुट्ट्या आल्या की समुद्राच्या नावावर येणारी गर्दी तुम्हाला वगळून पुढे जाईल. भाव किनाऱ्यासारखा ठेवला असेल तर तो खाली आणावा लागेल. पण तुमचं घर आहे तिथे असण्याचे फायदे भाच्यानं पाहिलेच नाहीत, कारण तो खोटा फायदा विकत बसला. खेडला रेल्वेनं उतरून येणाऱ्याला दापोलीच्या आधी तुमचं घर लागतं. मुंबई-गोवा महामार्गावरून खेडमार्गे आलेल्यालाही तसंच. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासूनचं; तिथे मुलांना प्रवेशासाठी, वसतिगृहात सोडायला, पदवीदान समारंभाला आईवडील येतात, कामानिमित्त शेतकरी येतात. त्यांना समुद्र दारात असला काय आणि नसला काय. त्यांना घरचं जेवण आणि रात्री शांत झोप हवी. आसूदचा केशवराज आहे, पोफळीच्या बागांतून चढत जायचं. पन्हाळेकाजीची लेणी आहेत, कोटजाईच्या काठची एकोणतीस, जी किनाऱ्यावर उतरणारा पर्यटक सहसा गाठतच नाही. उन्हवऱ्याचे गरम पाण्याचे झरे आहेत. पावसाळ्यात तर समुद्र खवळलेला असतो, कुणी पाण्यात उतरू नये अशीच स्थिती. त्या चार महिन्यांत पडवीत बसून पाऊस बघायला येणाऱ्याला तुमचं घर किनाऱ्यावरच्या घरापेक्षा बरं पडेल.

मजकूर मी असा लिहीन, तुम्ही तुमच्या शब्दांत बदला:

"दापोली तालुक्यात, दापोली-खेड रस्त्याजवळ आमचं कौलारू घर. हे घर समुद्रकाठी नाही. कर्द्याचा किनारा इथून सतरा किलोमीटर, गाडीनं साधारण चाळीस मिनिटं, सुट्टीच्या दिवशी जास्त. स्वतःचं वाहन असेल तर सोयीचं; संध्याकाळनंतर रिक्षा आधी सांगून ठेवावी लागते. दापोलीचा बाजार आणि उपजिल्हा रुग्णालय पाच किलोमीटरच्या आसपास. खोल्या वरच्या मजल्यावर, जिना लाकडी आणि उभा आहे. गुडघ्यांचा त्रास असल्यास आधी बोलावं. घरामागे आंबा, काजू, विहीर. जेवण घरचं."

वेळा मात्र अंदाजानं लिहू नका. मुलगा आला की त्याच्याबरोबर गाडीत बसा आणि फाटकापासून किनाऱ्यापर्यंत घड्याळ लावून जाऊन या, शनिवारी संध्याकाळी, आणि जमलं तर एकदा भर पावसात. मध्यरात्री मोकळ्या रस्त्यावर नकाशा दाखवतो ती वेळ पाहुण्याच्या उपयोगाची नाही. फाट्यापासून आतला रस्ता कच्चा असेल, बुटकी गाडी घासत असेल, फोनला रेंज फक्त अंगणात येत असेल, तर तेही लिहा. उभ्या जिन्याचं मी माझ्या मनानं घातलं, कारण तुम्ही 'वरच्या दोन खोल्या' म्हणालात. तसा नसेल तर काढा. पण असेल तर ठेवाच. त्या आजी वर कशा चढल्या असतील हे पत्र वाचताना सारखं मनात येत होतं. आणि साइटवरचा पहिला फोटो कर्द्याच्या सूर्यास्ताचा असेल, तसा तो असणारच असं मला वाटतंय, तर तो काढून टाका. पहिला फोटो तुमच्या पडवीचा.

दिवाळीच्या चार कुटुंबांना आज-उद्याच कळवा. ते आल्यावर सांगू, जेवण चांगलं घालून वेळ मारून नेऊ, असा विचार मनात आणू नका. तुम्ही स्वतःहून त्यांचं बुकिंग रद्द करू नका, निवड त्यांना करू द्या. साइटवरूनच असा निरोप पाठवा, म्हणजे नोंद राहील: "नमस्कार. आमच्या घराची जागा साइटवर चुकीची दाखवली गेली होती, ती आता दुरुस्त केली आहे. घर कर्द्याच्या किनाऱ्यापासून सतरा किलोमीटर, गाडीनं साधारण चाळीस मिनिटांवर आहे. आपल्याला हे सोयीचं नसेल तर पूर्ण पैसे परत मिळतील, काहीही कापलं जाणार नाही. यायचं ठरवलंत तर आनंदच आहे. कृपया येत्या चार दिवसांत कळवावं, म्हणजे दुसरी जागा शोधायला आपल्याला वेळ मिळेल." पूर्ण परतावा कसा द्यायचा ते साइटच्या मदत केंद्राला विचारून घ्या, तशी सोय असते. खूण दूरवर हलवताना अडचण आली तरी त्यांनाच सांगा. चारांतली दोन कुटुंबं गळतील कदाचित. गळू देत. उरलेली दोन सगळं माहीत असून येतील, आणि त्यांच्यासमोर जाताना तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होणार नाही.

भाच्याशी भांडू नका. त्यानं मावशीच्या भल्यासाठीच केलं, खोल्या त्याच्यामुळेच सुरू झाल्या. पण पासवर्ड मागून घ्या आणि सूनबाईंना ते चालवायला शिकवायला सांगा. घर तुम्ही चालवता, तर घराबद्दल काय लिहिलंय ते रोज तुमच्यापैकी कुणालातरी वाचता आलं पाहिजे. पाहुण्यांचे फोनही यापुढे पुण्याला जाऊ नयेत.

राहिलं ते पुण्याचं कुटुंब. त्यांनी अर्धे पैसे मागितले होते, ते त्यांचे आहेत. साइटवरून द्या, आणि त्यांच्या अभिप्रायाखाली सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहा: "आपण लिहिलंत ते बरोबर आहे. घराची जागा चुकीची दाखवली होती. आता दुरुस्त केली आहे आणि आपले पैसे परत केले आहेत." सबब एकही नको, भाच्याचं नावही नको. मग पैसे पोचले का हे विचारायला स्वतः फोन करा, आणि मुलाशी बोलून झालं की आजींना फोन द्यायला सांगा.